सातवं पोर

१

शेफालीची चित्र काढायची एक ठरलेली रीत होती. आधी काडेपेटीएवढे चौकोन आखायचे आणि त्यांत एकच प्रसंग दहा-बारा तऱ्हांनी मांडून बघायचा. त्यातला एक निवडला की प्रत्यक्ष जागेवर जायचं, माणसं, भांडी, भिंती समोर बसून काढायच्या. घरी आल्यावर ट्रेसिंग पेपरवर एकेक आकृती सुटी करून पानावर पुढेमागे सरकवत राहायचं, अगदी तिची तिला जागा सापडेपर्यंत. मग खालून दिवा लावलेल्या काचेवर जाड कागद ठेवून सगळं पेन्सिलीनं उतरवून घ्यायचं. शाई सगळ्यात शेवटी. ती एकदा बसली की पाण्यानं फुटत नसे, आणि खोडायचं तर कागद फाडावा लागे.

भोरच्या पेठेत वडिलांच्या पिठाच्या गिरणीवर तिची खोली होती. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं, म्हणून शाईचं काम दुपारी एक ते चार, गिरणी बंद असताना.

या खेपेचं काम मोठं होतं. तीन पिढ्यांनी लहानपणी वाचलेलं एक गोष्टीचं पुस्तक पुण्याचा एक प्रकाशक नव्या चित्रांसह काढणार होता. त्यातली डोंगरातली आई आपल्या सात पोरांना जेवायला वाढते तो प्रसंग तर सगळ्यांच्या तोंडपाठ. भांड्यात थोडंच असतं, तरी सातही पोरं पोटभर जेवतात. जुन्या चित्रात ती पोरं गुबगुबीत होती. अंगात इस्त्रीचे कपडे, केसांना तेल, आणि मागं गॅदरिंगच्या पडद्यावर रंगवावी तशी झोपडी. शेफालीला त्या चित्राचा संताप यायचा.

"डोंगरातल्या पोरानं पुस्तक उघडलं तर त्याला स्वतःचं घर दिसायला नको का?" ती संपादक सुप्रियाला फोनवर विचारायची. "साठ वर्षं आपण त्यांना दुसऱ्याचीच पोरं जेवताना दाखवतोय."

"मान्य," सुप्रिया म्हणायची. "पण चित्र दिवाळीआधी दे. भाषण दिवाळीनंतर दे."

पानाच्या खाली मुलांसाठी एक छोटं काम टाकायचं ठरलं होतं. ते शेफालीनंच सुचवलं होतं. *चित्रातली मुलं मोजा.* वाचता वाचता आकडेही येतील.

२

वेल्ह्याच्या पुढं डांबरीच्या कडेला स्कुटी लावून पाऊण तास चढलं की चार घरांचा धनगरवाडा लागतो. तिथं साळूबाईंच्या घरी त्यांची स्वतःची आणि जावेची मिळून सहा पोरं एका चुलीवर जेवत. कुडाच्या भिंती, अर्ध्या घरात म्हशी, उरलेल्या अर्ध्यात माणसं. दारातून येणारा उजेड जेमतेम चुलीपर्यंत पोचायचा. शेफालीला हवं होतं तसंच.

सहांत प्रांजल सगळ्यांत बोलकी. आठ वर्षांची, पुढचा एक दात पडलेला.

"ताई, माजा दात काडा हां चित्रात."

"पडलाय ना तो?"

"मंग पडल्याला काडा की."

साळूबाई वाढताना एकेकाला नावानं हाक मारायच्या. "प्रांजल!" की "ओ!" आणि ताटली पुढं. "सूरज!" "ओ!" त्या घरची ती पद्धतच होती. हाक, ओ, मग भाकरी. शेफालीनं झरझर रेघा मारल्या, पण मुलं सारखी हलत होती, आणि शिवाय एक अडचण होती. पोरं सहा, गोष्टीत सात.

त्याचंही उत्तर तिच्याकडे तयार होतं. चित्रकार मंडळी एकाच माणसाला दोन जागी बसवून दोन माणसं काढतात, त्यात नवल काही नाही. सहा पोरं अर्धगोलात, तोंडं आपल्याकडे. सातवं अलीकडे, वाचणाऱ्याच्या बाजूला, पाठमोरं. त्याला चेहरा नकोच. पाठमोरी आकृती असली की बघणारा तिच्या मागून अलगद चित्रात शिरतो, पंगतीला बसतो.

"प्रांजल, तुला मी दोनदा काढणार आहे."

"मंग मला दोनदा जेवाया मिळंल!" प्रांजल म्हणाली, आणि सगळी पोरं खिदळली. सूरज म्हणाला, "आताबी ती दोनदाच जेवती, ताई." त्याला तिनं कोपर मारलं.

पोरं एका जागी ठरावीत म्हणून शेफालीनं त्यांना आकडे दिले. "मी टाळी वाजवली की एकेकानं आपला आकडा म्हणायचा आणि पुतळा व्हायचं."

"एक!" प्रांजल ओरडली. दोन, तीन, असं सहापर्यंत गेलं. मग प्रांजल आपल्या जागेवरून उठली, धावत अलीकडे आली, शेफालीकडे पाठ करून मोकळ्या जागी बसली आणि म्हणाली, "सात!"

साळूबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. उंबऱ्यावर बसलेल्या कोंडिबांनी मान वळवली. साळूबाईंचे ते सासरे. सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते.

"पोरास्नी आकडं लावू नगं, बाय."

"का हो आबा?"

"आकडं मेंढरास्नी लावत्यात. मानसाला नाव आस्तंय."

"आणि काय होतं लावले तर?"

"आमी कवा लावलंच न्हाईत," कोंडिबा म्हणाले. "काय हुतंय ते कुनाला ठावं."

शेफालीला हसू आलं आणि रागही आला. या असल्या गोष्टींपायीच पोरं गणितात मागं राहतात, हे तिनं त्यांना नीट, आदरानं, पण बराच वेळ समजावलं. मग मोबाईलवर दोन फोटो घेतले. पहिल्यात प्रांजल पहिल्या जागी, सातवी मोकळी. दुसऱ्यात ती सातव्या जागी, पहिली मोकळी. पुन्हा टाळी वाजवली. पोरांना खेळ आवडला होता. पाच-सहा वेळा तरी त्यांनी एकपासून सातपर्यंत मोजलं, आणि दर वेळी प्रांजल एक म्हणून उठायची आणि सात म्हणून बसायची.

३

चित्र कधी नव्हे इतकं सहज उतरलं. सहाजणांना सरकवावं लागलं. पाठमोरी आकृती मात्र पहिल्यांदा ठेवली तिथंच बसली. सातवं पोर निराळं वाटावं म्हणून शेफालीनं त्याला सैल झगा दिला आणि केस मोकळे सोडले.

शाईच्या दुपारी साळूबाईंच्या हाताची ठेवण बघायला म्हणून तिनं मोबाईलमधला दुसरा फोटो उघडला. हात बघितला. पोरं बघितली. मग पेन दौतीला टेकवून ठेवून फोटो मोठा केला.

पहिल्या जागी प्रांजल होती, पडक्या दातानं हसत. आणि सातव्या जागी पाठ.

तिनं पहिला फोटो उघडला. त्यातही सात.

असं होतं हल्ली, तिनं स्वतःला सांगितलं. दोन फोटो लागोपाठ काढले की मोबाईल आपल्या मनानं जोडून टाकतो. कुणाचे मिटलेले डोळे उघडतो, कुणाला आत घेतो. फोटोत केस मोकळे होते, आणि प्रांजलच्या त्या दिवशी दोन घट्ट वेण्या होत्या, हे तिला दिसलं. पण उजेडच तसा होता. धूर होता. एवढ्या धुरात वेणी कशी दिसणार?

चार वाजता खाली गिरणी सुरू झाली. शेवटची रेघ राहिली होती, सातव्या पोराच्या मानेची. टेबल थरथरत होतं. रेघ न हलता उमटली.

त्याच संध्याकाळी तिनं चित्र पुण्याला पाठवून दिलं. सुप्रियाचा निरोप आला. "सुंदर! आणि ते पाठमोरं पोर! सारखं वाटतं की आत्ता वळेल."

४

दिवाळी झाल्यावर एका रविवारी चित्राची प्रत घेऊन शेफाली वाड्यावर गेली. पोचेतो जेवणवेळ झाली होती. आत ताटल्यांचा आवाज येत होता. प्रांजल बाहेर, शेरडांच्या दावणीशी पायरीवर बसली होती. शेफालीनं तिला बघितलं आणि हातातली प्रत दाखवायचंच विसरली. पोरीचं तोंड ओढल्यासारखं झालं होतं. मनगटात बांगडी पार कोपरापर्यंत चढत होती.

"आजारी होतीस काय गं?"

"न्हाई."

"जेवलीस?"

"आय वाढंना."

"म्हणजे?"

"म्हंती, तुला वाडलं की मगाशीच." ती रडत नव्हती. वर्गात चुकीचं उत्तर दिल्यावर पोरं बोलतात तशी हळू बोलत होती. "ताई, म्या खरंच जेवली आसंल का? मला ध्येनात ऱ्हात न्हाई का?"

शेफालीच्या डोक्यात सणक गेली. पुस्तकांतून, सर्वेक्षणांतून वाचलेलं सगळं एकदम समोर उभं राहिलं. घरात ताट कमी पडलं की कुणाचं पडतं, हे तिला सांगायला नको होतं. ती तशीच आत शिरली.

"वहिनी, मुलगी आहे म्हणून तिला उपाशी ठेवता?"

साळूबाईंनी चमकून वर बघितलं. "कुनाला?"

"प्रांजलला."

"काय बोलतासा, ताई!" त्यांचा आवाज दुखावलेला होता. "माज्या पोटची हाय ती. उपाशी कशी ठिवीन? ती बगा, खाती की."

त्यांनी बोट दाखवलं. चुलीपुढं पोरं अर्धगोलात बसली होती. अलीकडे, दाराकडे पाठ करून, एक पोर खाली मान घालून जेवत होतं. सैल झगा. मोकळे केस.

"तुमी शिकीवल्यापास्नं म्या मोजूनच वाढती," साळूबाई कौतुकानं म्हणाल्या. "हाका मारत बसाया नगं. लई बरं पडतंय. एक, दोन, तीन..." त्यांचं बोट पोरांवरून फिरत गेलं. पहिल्या जागेवर कुणी नव्हतं. तरी बोट तिथूनच निघालं, तिथं क्षणभर थांबलं, आणि पाठमोऱ्या पोरावर येऊन टेकलं. "...सात. झाली समदी."

५

पाहुणी असेल. वरच्या वाड्यावरची असेल. साळूबाईंची नजर धुरानं अधू झाली असेल. शेफालीनं या सगळ्या शक्यता एकामागोमाग मांडल्या आणि त्या संपल्या. मग तिला एकच सुचलं. चेहरा बघायचा.

ती भिंतीच्या कडेकडेनं निघाली. म्हशीच्या अंगाला घासून पुढं सरकली. पोर घास घेत होतं, भाकरी मोडल्याचा आवाज येत होता, दातांचा येत होता. उजवा खांदा दिसला. अजून दोन पावलं टाकली की गाल दिसायला हवा होता. शेफालीनं दोन पावलं टाकली. तिथं केस होते. आणखी पुढं गेली. आता ती चुलीशी पोचली होती, साळूबाईंच्या शेजारी, जिथून त्या पोराचं तोंड समोर दिसायला हवं अशा जागी.

मोकळे केस. मानेचा खळगा. झग्याची पाठीवरची शिवण. हात पुढं जात होते, ताटली रिकामी होत होती, आणि जाळाचा उजेड जिथं पडत होता तिथंही पाठच होती.

तिनं पाठीचंच चित्र काढलं होतं. चेहरा तिनं ठरवलाच नव्हता.

बाकीची पोरं जेवत होती. सूरजनं आपली ताटली त्या पोरापासून जराशी लांब ओढून घेतली, पण नजर वर केली नाही.

"वहिनी," शेफाली म्हणाली. स्वतःचा आवाज तिला कुठून तरी खालून आल्यासारखा वाटला. "प्रांजलला दोन दिवस भोरला नेऊ का?"

"न्या की. पन आदी जेवू द्या तिला." साळूबाईंनी त्या पाठीवरून मायेनं हात फिरवला.

बाहेर कोंडिबा पायरीवर आले होते. आपल्या ताटलीतली अर्धी भाकरी त्यांनी प्रांजलच्या बाजूला दगडावर ठेवली होती. पोरीकडे बघत मात्र नव्हते.

"आबा, तुम्हाला दिसते ना ही?"

"दिसती की. माजी नात हाय."

"मग भाकरी हातात का देत नाही?"

म्हाताऱ्याचं तोंड हललं. "द्याया गेलं की वाटतंय, दिल्याली हाय," ते म्हणाले. "म्हून ठिवून देतो. कुनासाठी ते मनात आनत न्हाई." मग पहिल्यांदाच त्यांनी शेफालीच्या डोळ्यांत बघितलं. त्यात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "तू आकडं लावलंस, बाय. आता तू तरी तिचं नाव इसरू नगंस."

६

स्कुटीवर प्रांजल मागं बसली होती. तिचे हात कमरेला इतके हलके लागत होते की शेफाली सारखी बोलत राहिली, उत्तर यावं म्हणून. नसरापूरला वडापावच्या गाडीशी ती थांबली.

"दोन द्या."

गाडीवाल्यानं एकच पुढं केला.

"दोन म्हटलं मी."

"पोरीला दिला की मगाशी," तो हसून म्हणाला. "लई भुकेली दिसती. आजून एक हवाय का?"

"हो, द्या."

"दिला की."

शेफालीनं हातातला तिला दिला. प्रांजलनं तो उभ्या उभ्या संपवला, कागद चाटला आणि घडी करून खिशात ठेवला.

भोरला तेच. आईनं दोघींपुढं ताटं मांडली आणि प्रांजलचं रिकामंच राहिलं. "अगं, किती वाढू तिला? आत्ताच तर जेवली." शेफालीनं वाद घातला नाही. ती स्वतःचं ताट प्रांजलपुढं सरकवायची आणि ती जेवेपर्यंत तिच्याकडे बघत राहायची. सगळ्या जगात आता आपण एकटीच तिला भरवू शकतो, हे तिच्या ध्यानात आलं होतं. चित्राच्या टेबलावर, भिंतीला, तिनं मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला. *प्रांजल जेवलेली नाही. तिला वाढ.*

सोमवारी सकाळी तिनं सुप्रियाला फोन लावला.

"ते पान थांबव. मी नवीन चित्र देते. त्यात सहाच मुलं असतील."

"सहा? शेफाली, गोष्टीत सात आहेत. सगळ्यांना माहीत आहेत सात."

"सुप्रिया, तुला सांगून पटणार नाही, पण एक मुलगी..."

"अगं, पुस्तक छापून झालं. गठ्ठे शाळांत गेले सुद्धा गेल्या आठवड्यात." सुप्रियाचा आवाज खुशीत होता. "काल एका बाईंनी व्हिडिओ पाठवलाय. पन्नास पोरं पानावर बोट ठेवून एका सुरात मोजतायत. एक, दोन, तीन... तुझीच तर कल्पना होती. पाठवू का?"

शेफालीनं फोन ठेवला. तरी थोड्या वेळानं व्हिडिओ आलाच. तिनं तो उघडला नाही.

तिला एकच मार्ग दिसत होता. पाठमोऱ्याला पुसता येत नसेल तर प्रांजलला काढायचं. एकटीला, समोरून, नावानिशी, कुणी कधी मोजू शकणार नाही अशी. भुवई, डोळे, पडका दात, सगळं. दोन दिवस ती त्या एका चेहऱ्याच्या मागं लागली. प्रांजल खिडकीशी स्टुलावर बसायची, न सांगता पुतळ्यासारखी. शेफाली आपल्या वाटणीचं तिला देत होती आणि स्वतः चहावर होती. तरी चित्र जमत होतं. बुधवारी दुपारी ती पेन्सिलीवरून शाईवर आली. गिरणी बंद होती. डावा डोळा झाला, उजवा झाला. नाकाची रेघ एका दमात उतरली. आता तोंड. ओठांच्या मधली ती दाताची फट काढायची होती, आणि तिच्यासाठी श्वास रोखून धरावा लागणार होता.

"ताई," प्रांजल म्हणाली. "भूक लागलीया."

"आत्ताच दिलं ना तुला," शेफाली म्हणाली. पेन कागदाला टेकलेलं होतं.

"व्हय," प्रांजल म्हणाली. तिला ते खरं वाटलं होतं. स्टूल किंचित सरकलं, आणि लाकडी जिन्यावर अनवाणी पावलं एकेक पायरी उतरत गेली.

शेफालीनं ओठ पुरे केले. मग मान वर केली. समोर भिंतीवर कागद होता, तिच्याच अक्षरांत. तिनं तो वाचला, दुसऱ्यांदा वाचला, आणि मुकाट्यानं आठवू लागली. दिलं होतं तिनं. बाराच्या सुमाराला, इथंच, दूध-भाकरी कुस्करून. वाटी तिला स्पष्ट आठवत होती, चमच्याचा आवाज आठवत होता, आणि खिडकीच्या उजेडात बसून जेवणारी पोर आठवत होती. तिचे मोकळे केस, मानेचा खळगा आणि पाठीवरची शिवण.

खाली रस्त्याच्या बाजूचं दार उघडल्याचा आवाज आला.